इग्निशन ७.९ वरून ८.१ वर जाताना: जायथन २.५ ते २.७ या बदलात नेमके काय मोडते आणि ते आधी कसे शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यातली स्काडा, म्हणजे यंत्रांवर संगणकातून नजर आणि ताबा ठेवणारी यंत्रणा, इंडक्टिव्ह ऑटोमेशनच्या इग्निशन ७.९ या सॉफ्टवेअरवर चालते. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या इंटिग्रेटरांनी लिहिलेल्या पाच-सहाशे स्क्रिप्ट त्यात आहेत आणि लिहिणारे आता कोणी हाताशी नाहीत. ८.१ वर जायचे ठरले आहे. त्यात जायथन (जावावर चालणारा पायथन) २.५ जाऊन २.७ येतो. कोणत्या स्क्रिप्ट बंद पडतील, त्या आधीच कशा ओळखायच्या, आणि एवढा खटाटोप करतोच आहोत तर सरळ पायथन ३ वरच का जाऊ नये?

आधी मुख्य मुद्दा. २.५ वरून २.७ वर जाताना भाषा म्हणून फार थोडे मोडते. त्या एका अपग्रेडमध्ये तीन गोष्टी एकदम बदलतात: पायथनची आवृत्ती, तिच्याखालचा जावा आणि इग्निशनची स्वतःची फंक्शन. बहुतेक त्रास दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीतून येतो. आणि सगळ्यात घातक स्क्रिप्ट त्या, ज्या रोज चालतच नाहीत: महिनाअखेरचा रिपोर्ट, सर्व्हर बदलल्यावर चालणारी स्क्रिप्ट, ‘काहीतरी चुकले तर’ या फांदीतल्या ओळी. पहिल्या दिवशी सगळे स्क्रीन उघडले, सगळे आकडे हलले म्हणून अपग्रेड झाले असे समजू नका.

फंक्शनची नावे खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच मूळ रोमन लिपीतच शोधायची.

काय कुठे बदलते

जायथन म्हणजे जावाच्या पोटात चालणारा पायथन. स्क्रिप्टमधून जावाचे कोणतेही क्लास थेट वापरता येतात ती सोय याच्यामुळे. ७.९ मध्ये २.५ होता. ८.० हे २०१९ मध्ये आले आणि त्याच्यासोबत २.७ आला. ८.१ ही २०२० च्या अखेरीची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, तिच्यातही २.७ च आहे. जावाचे मात्र नीट लक्षात घ्या. ७.९ बहुतेक ठिकाणी मशीनवर वेगळ्या बसवलेल्या जावा ८ वर चालते. ८.० पासून जावा इग्निशनच्या सोबतच येतो: आधी जावा ११, आणि ८.१ च्या पुढच्या आवृत्त्यांत जावा १७. म्हणजे ‘आम्ही ८.१ वर जातोय’ एवढे सांगून भागत नाही, दुसऱ्या बिंदूनंतरचा आकडाही लागतो.

ठरवलेली आवृत्ती टेस्ट मशीनवर बसवली की डिझायनर या इग्निशनच्या एडिटरमधल्या स्क्रिप्ट कन्सोलमध्ये दोन ओळी चालवा. एकीत ‘सिस.व्हर्जन’ छापा, दुसरीत जावाच्या ‘सिस्टम’ क्लासकडून ‘जावा.व्हर्जन’ ही प्रॉपर्टी विचारा. दोन्ही उत्तरे कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी तपासणी या दोन आकड्यांपुरतीच खरी आहे.

भाषेतले बदल

पहिला शोध ‘रेझ’ या, अपवाद (चूक) फेकणाऱ्या शब्दाचा घ्या, आणि त्यातही ‘रेझ’नंतर लगेच अवतरणचिन्ह येते अशा ओळींचा. जुन्या स्क्रिप्टमध्ये असे सर्रास सापडते:

रेझ "बॅच नंबर रिकामा"

पायथन २.५ पर्यंत नुसता मजकूर अपवाद म्हणून फेकता येत होता. २.६ पासून ते बंद झाले. नव्या गेटवेवर (इग्निशनच्या मुख्य सर्व्हरवर) ही ओळ चालली की ‘बॅच नंबर रिकामा’ ऐवजी टाइप-एरर उभा राहतो. स्क्रिप्ट दोन्हीकडे थांबतेच, मग बिघडले कुठे? बिघडते ते अपवाद पकडणाऱ्या, वरच्या ‘एक्सेप्ट’मध्ये. तिथे त्याच मजकुराशी तुलना करून ऑपरेटरला मेसेज दाखवला जात असेल तर तो मेसेज आता दिसणार नाही. आणि वर नुसता उघडा ‘एक्सेप्ट’ असेल तर तो हा टाइप-एररही निमूट गिळतो, लॉगमध्ये भलतेच कारण लिहितो आणि खरे कारण शोधण्यात शिफ्ट जाते. ही ओळ महिन्यातून एखाद्या वेळीच चालते, त्यामुळे चाचणीत ती हमखास सुटते. दुरुस्ती सोपी आहे: मजकूर ‘व्हॅल्यू-एरर’ किंवा ‘एक्सेप्शन’ या क्लासमध्ये गुंडाळून फेका आणि पकडणाऱ्या बाजूलाही तोच क्लास लिहा.

याच ओघात जायथनची एक जुनी गोष्ट तपासून घ्या. ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ असे लिहिले तर पायथनचे अपवाद पकडले जातात, जावाकडून आलेले नाहीत. डेटाबेसची जोडणी तुटली, फाइल सापडली नाही, असे बरेचसे अपवाद जावाकडून येतात. त्यांच्यासाठी ‘जावा.लँग.थ्रोएबल’ची वेगळी फांदी लागते. हे २.५ मध्येही असेच होते. तरी स्क्रिप्ट हाताखालून जातच आहे तर ती फांदी आताच घाला. अपग्रेडनंतरच्या आठवड्यात जावाकडचे अपवाद नेहमीपेक्षा जास्तच येतात.

‘ॲज’ आणि ‘विथ’ हे शब्द पायथन २.६ पासून पूर्णपणे राखीव आहेत. कोणी व्हेरिएबलला किंवा आर्ग्युमेंटला ही नावे दिली असतील तर स्क्रिप्ट कंपाइलच होणार नाही. असे क्वचितच सापडते, आणि सापडले तर लगेच सापडते.

‘राउंड’ मात्र गुपचूप बदलते. पायथन २.७ मध्ये गोलाकार करण्याची पद्धत अचूक केली गेली. २.६७५ हा आकडा बायनरीत तंतोतंत मावत नाही, प्रत्यक्षात तो किंचित कमी साठवला जातो. जुन्या पद्धतीत आधी शंभराने गुणून मग गोल करत, त्यामुळे दोन दशांशांना २.६८ यायचे. अचूक पद्धतीत २.६७ येते. टाकीची पातळी दाखवताना याने कोणाचे काही अडत नाही. पण वजन, मात्रा किंवा क्वालिटीच्या प्रमाणपत्रावर छापला जाणारा आकडा स्क्रिप्टमध्ये गोल होत असेल तर जुन्या आणि नव्या रिपोर्टमध्ये शेवटच्या अंकाचा फरक पडू शकतो, आणि ऑडिटर नेमका तोच विचारतो. अशा ठिकाणी जावाचा ‘बिग-डेसिमल’ वापरा. आकडा आधी मजकुरात बदलून त्याला द्या आणि ‘हाफ-अप’ हा नियम स्पष्ट लिहा. मग पायथनची आवृत्ती कोणतीही असो, उत्तर एकच येते.

भागाकार बदललेला नाही. २.७ मध्येही दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, सात भागिले दोन म्हणजे तीन. काही जण अपग्रेडच्या भरात फाइलच्या वर ‘फ्यूचर’मधून नवा भागाकार आणायची ओळ घालतात. तसे करू नका. पीएलसीकडून (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरकडून) आलेल्या पूर्णांक टॅगवर, म्हणजे इग्निशनमधल्या नाव दिलेल्या मूल्यावर, चालणारे प्रत्येक गणित त्याने बदलते, आणि मग फरक अपग्रेडमुळे पडला की या ओळीमुळे, हे सांगता येत नाही.

मराठी मजकुराचा मुद्दा आपल्याकडे खरोखर लागू आहे. ऑपरेटरची नावे, थांबण्याची कारणे, अलार्मचे मेसेज देवनागरीत असतील तर ते सगळे युनिकोड आहे. त्याला ‘एसटीआर’ लावले की पायथन २ मध्ये आस्की-कोडेकचा युनिकोड-एन्कोड-एरर येतो. हा दोष जुनाच आहे. पण ८.१ वर डेटाबेसचा ड्रायव्हर, फाइल लिहिण्याची पद्धत, टॅगची फंक्शन बदलताना जिथे पूर्वी चुकून निभावले तिथे आता निभावेलच असे नाही. ‘एसटीआर’ जिथे मजकुरावर लागले आहे तिथे ते ‘युनिकोड’ करा, देवनागरी अवतरणांच्या आधी ‘यू’ लावा, आणि चाचणीच्या डेटात ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ऱ्हास’ असे शब्द मुद्दाम ठेवा. नुसते ‘टेस्ट १’ टाकून तपासलेली स्क्रिप्ट तपासलेली नसते.

दोन गोष्टी वेगाच्या आहेत. २.७ मध्ये ‘सॉकेट’ हे मॉड्यूल नेटी या जावा लायब्ररीवर नव्याने बांधले गेले. त्यामुळे ‘यूआरएललिब२’ किंवा ‘एचटीटीपीलिब’ पहिल्यांदा इम्पोर्ट होताना जाणवण्याइतका वेळ लागतो. बटणाच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ असेल तर पहिल्या दाबाला स्क्रीन अडकल्यासारखा वाटतो. ८.१ मध्ये इग्निशनचाच ‘सिस्टम.नेट.एचटीटीपीक्लायंट’ आहे, तो वापरा. दुसरे म्हणजे ‘जेसन’. २.५ मध्ये हे मॉड्यूल नव्हते, २.७ मध्ये आहे. पण मोठ्या मजकुरासाठी आधीपासून असलेले ‘सिस्टम.युटिल.जेसनएन्कोड’ आणि ‘जेसनडीकोड’ बदलायची गरज नाही.

शेवटचे, लांबलचक फंक्शन. जावात एका मेथडला ६४ केबीची मर्यादा असते आणि जायथन प्रत्येक पायथन फंक्शनची मेथड बनवतो. हजार-दीड हजार ओळींचे एकच फंक्शन, आत रेसिपीची भलीमोठी डिक्शनरी, असे काही असेल तर ते २.५ वर मर्यादेच्या आत बसत होते म्हणून २.७ वर बसेलच असे नाही. असे फंक्शन दोन-तीन तुकड्यांत तोडा, आणि डिक्शनरी डेटाबेसच्या टेबलात हलवा.

जावाकडून येणारा त्रास

‘जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड’ शोधा. यातला ‘डेटाटाइप-कन्व्हर्टर’ बेस-६४ साठी फार लोकप्रिय होता: बारकोड प्रिंटरला चित्र पाठवणे, वेब सर्व्हिसला पासवर्ड देणे. जावा ११ मधून हे पॅकेज काढून टाकले आहे. तसाच ‘सन.मिस्क’मधला बेस-६४ एन्कोडर, तो जावा ९ मध्येच गेला. दोन्हींच्या जागी ‘जावा.युटिल.बेस६४’ लिहा. हा क्लास जावा ८ पासून आहे, त्यामुळे ही दुरुस्ती आजच, ७.९ वर असतानाच करून टाकता येते, अर्थात तुमचा ७.९ जावा ८ वर चालत असेल तर. अपग्रेडच्या दिवशीचे एक काम कमी होते. जावा १७ वर गेलात तर जावास्क्रिप्ट चालवणारे नॅशहॉर्न इंजिनही मिळणार नाही, आणि जावाच्या खाजगी भागात रिफ्लेक्शनने शिरणाऱ्या युक्त्या सरळ अपवाद देऊन थांबतात.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. जावा ९ पासून लोकेलची (भाषा आणि देशाप्रमाणे तारीख, आकडे लिहिण्याच्या पद्धतीची) माहिती सीएलडीआर या संचातून घेतली जाते. फॉरमॅट स्पष्ट न लिहिता ‘मीडियम’ किंवा ‘शॉर्ट’ अशी तयार शैली वापरली असेल तर छापली जाणारी तारीख बदलते. अमेरिकी इंग्रजीत तारीख आणि वेळ यांच्यामध्ये एक स्वल्पविराम जास्त येतो. जावा १६ पासून ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचे तीन अक्षरी रूप जाऊन चार अक्षरी येते. स्क्रीनवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण तीच तारीख पुढे सीएसव्हीत जात असेल तर एक रकाना वाढतो, आणि ईआरपीचा इम्पोर्ट फाइल नाकारतो. सप्टेंबरचा दोष तर सप्टेंबरातच दिसणार. जिथे तारीख मजकूर होऊन बाहेर पडते तिथे ‘वर्ष-महिना-दिवस’ असा पूर्ण आकडी साचा स्वतः लिहा.

तिसरे टीएलएस, म्हणजे जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल. जावा ११ आणि १७ च्या चालू आवृत्त्यांत टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद असतात. जुना एसक्यूएल सर्व्हर पॅच न केलेला असेल तर डेटाबेसची जोडणी लागतच नाही आणि ‘सर्व्हरने निवडलेला प्रोटोकॉल मान्य नाही’ अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये येते. तो सर्व्हर टीएलएस १.२ बोलतो का हे आधी पाहा. जावाची सुरक्षा-फाइल सैल करून भागवता येते, पण पुढच्या अपग्रेडला ती फाइल पुन्हा मूळ रूपात येते आणि तेव्हा ते कोणालाच आठवत नाही.

इग्निशनची स्वतःची फंक्शन

इथे सगळ्यात जास्त हात घालावा लागतो, आणि इथेच आंधळेपणाने ‘शोधा आणि बदला’ केल्याने नुकसान होते.

जुने ‘सिस्टम.टॅग.रीड’ आणि ‘सिस्टम.टॅग.राइट’ ८.१ मध्ये कागदोपत्री निवृत्त आहेत, पण चालतात. म्हणून पहिल्या दिवशी ती सगळी बदलायची घाई नको. आधी अपग्रेड, मग स्थिर झाल्यावर टप्प्याटप्प्याने बदल. बदलताना वाचण्याची ओळ अशी होते:

जुनी: सिस्टम.टॅग.रीड("टँक १/लेव्हल").व्हॅल्यू
नवी: सिस्टम.टॅग.रीडब्लॉकिंग(["टँक १/लेव्हल"])[०].व्हॅल्यू

नवे फंक्शन यादी घेते आणि यादीच देते. शेवटचा शून्य विसरला की ‘लिस्टला व्हॅल्यू नाही’ असा ॲट्रिब्यूट-एरर. आणि यादी घेते तर तिचा फायदाही घ्या. चाळीस टॅग वाचायचे असतील तर लूपमध्ये चाळीस वेळा हाक मारू नका, चाळीस पाथची यादी करून एकदाच मारा. टॅग दुसऱ्या गेटवेवरून येत असतील (रिमोट टॅग प्रोव्हायडर) तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

लिहिण्याचे तसे नाही. ७.९ मधले ‘राइट’ न थांबणारे होते: हुकूम टाकला आणि स्क्रिप्ट पुढे गेली. थांबून लिहिणारे वेगळे होते, ‘राइटसिंक्रोनस’. म्हणून ‘राइट’चा वारस ‘राइटएसिंक’ आहे आणि ‘राइटसिंक्रोनस’चा ‘राइटब्लॉकिंग’. बरेच जण सगळीकडे ‘राइटब्लॉकिंग’ घालतात. त्याची मुदत मुळात ४५,००० मिलिसेकंद आहे. एखादा पीएलसी गप्प बसला आणि बटणाच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ असली, तर ऑपरेटरचा अख्खा स्क्रीन पाऊण मिनिट गोठू शकतो. टॅगच्या व्हॅल्यू-चेंज स्क्रिप्टमध्ये असली तर आणखी वाईट. या स्क्रिप्टसाठी गेटवेकडे मुळात तीनच थ्रेड असतात. तीन स्क्रिप्ट लिहिण्यात अडकल्या की बाकी सगळ्या टॅगच्या घटना रांगेत थांबतात, रांग भरली की सुटतात, आणि ‘मिस्ड-इव्हेंट्स’ ही घटना सुटल्याची खूण खरी होऊन येते. बॅचची मोजणी अशा स्क्रिप्टवर असेल तर बॅच मोजायची राहते.

टॅगच्या क्वालिटीची, म्हणजे मूल्य विश्वासार्ह आहे की नाही या खुणेची, तुलना तपासा. ‘क्वालिटी बरोबर १९२’ असे आकड्याशी ताडून पाहणारी स्क्रिप्ट, किंवा ‘डेटा-क्वालिटी’ हा आतला क्लास इम्पोर्ट करणारी स्क्रिप्ट, दोन्ही ८ मध्ये विश्वासार्ह नाहीत, कारण क्वालिटीचा प्रकारच बदलला आहे. ‘इज-गुड’ ही मेथड दोन्हीकडे चालते, तीच वापरा. हीही ७.९ वर आजच करण्याजोगी दुरुस्ती.

‘कॉम.इंडक्टिव्हऑटोमेशन’ने सुरू होणारा प्रत्येक इम्पोर्ट वेगळ्या यादीत काढा. हे इग्निशनचे आतले क्लास, त्यांच्या नावांची हमी कोणी देत नाही. ठळक उदाहरण म्हणजे गेटवेचा संदर्भ मिळवण्यासाठी वापरला जाणारा ‘एसआर-कॉन्टेक्स्ट’. ८ मध्ये त्याच्या जागी ‘इग्निशन-गेटवे’ आहे. बाकीच्या बऱ्याच आतल्या युक्त्यांसाठी आता अधिकृत ‘सिस्टम’ फंक्शन आले आहे, ते आधी शोधा.

लायब्ररीची रचनाही बदलते. ७.९ मध्ये ‘शेअर्ड’ आणि ‘प्रोजेक्ट’ असे दोन कप्पे होते. ८ मध्ये ‘शेअर्ड’ हा कप्पाच नाही, प्रोजेक्ट एकमेकांकडून वारसा घेतात. अपग्रेड करताना जुन्या शेअर्ड स्क्रिप्ट एका सामायिक प्रोजेक्टमध्ये जातात आणि बाकीचे प्रोजेक्ट त्याचे वारस होतात. जुन्या नावाने मारलेल्या हाका त्यामुळे चालू राहतात. पण टॅगच्या स्क्रिप्ट कोणत्याच प्रोजेक्टच्या नसतात. त्यांना लायब्ररी कोणती, हे गेटवेच्या सेटिंगमधल्या ‘गेटवे स्क्रिप्टिंग प्रोजेक्ट’ या एका रकान्यावरून कळते. तो रिकामा किंवा चुकीचा असेल तर स्क्रीन सगळे ठीक चालतात आणि टॅगच्या स्क्रिप्टमध्ये मात्र ‘शेअर्ड हे नाव माहीत नाही’ असा नेम-एरर येतो. अपग्रेडनंतर पहिल्यांदा हा रकाना बघायचा. आणि नंतर कोणी त्या सामायिक प्रोजेक्टमध्ये एक ओळ बदलून सेव्ह केली की त्याच्या सगळ्या वारसांच्या स्क्रिप्ट नव्याने सुरू होतात, त्यामुळे भर शिफ्टमध्ये तिथे हात घालायचा नाही.

तपासणीचा क्रम

वेगळे टेस्ट मशीन घ्या, आणि ते पीएलसीच्या नेटवर्कवर नसू द्या. हे पहिले आणि न मोडण्याचे बंधन. ७.९ चा गेटवे बॅकअप नव्या ८.१ वर रिस्टोर केला की त्यातल्या डिव्हाइस जोडण्या, डेटाबेस, ईमेल सगळे जिवंत होते. दोन गेटवे एकाच पीएलसीला लिहू लागले, किंवा एकाच टेबलात दोनदा बॅच नोंदवू लागले, तर चालू उत्पादनावर परिणाम होतो. रिस्टोर करताना जोडण्या बंद अवस्थेत आणण्याचा पर्याय मिळतो, तो निवडाच, आणि तरीही केबल काढून ठेवा. लायसन्सची अडचण नाही, ट्रायल दोन तास चालते आणि पुन्हा पुन्हा सुरू करता येते.

मग लायब्ररीतल्या सगळ्या स्क्रिप्ट एका दमात कंपाइल करून बघा. ८ मध्ये त्या साध्या मजकूर फाइल असतात: डेटा फोल्डरात प्रोजेक्ट्स, त्यात प्रोजेक्टचे नाव, त्यात इग्निशन, त्यात स्क्रिप्ट-पायथन, आणि प्रत्येक स्क्रिप्टची ‘कोड.पीवाय’. स्क्रिप्ट कन्सोलमध्ये ‘ओएस.वॉक’ने हे फोल्डर फिरा, प्रत्येक फाइल यूटीएफ-८ म्हणून ‘कोडेक्स.ओपन’ने वाचा आणि पायथनच्याच ‘कंपाइल’ फंक्शनला ‘एक्झेक’ या प्रकाराने द्या. अपवाद आला तर फाइलचे नाव आणि ओळ छापा. काही मिनिटांत वाक्यरचनेचे सगळे दोष हाती येतात. दोन सावधगिऱ्या: कन्सोल डिझायनर ज्या मशीनवर उघडला आहे त्याच मशीनवर चालतो, गेटवेवर नाही, म्हणून डिझायनर टेस्ट सर्व्हरवरच उघडा. आणि फाइल युनिकोड करून वाचली नाही तर देवनागरी असलेल्या प्रत्येक फाइलवर खोटा दोष निघेल.

कंपाइल झाले म्हणजे इम्पोर्ट सापडले असे नाही, त्यासाठी वर सांगितलेले शब्द याच फाइलींत शोधा. पर्स्पेक्टिव्हचे (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रीनचे) व्ह्यू जेसनमध्ये असतात, तेही असे धुंडाळता येतात. व्हिजनच्या (जावावर चालणाऱ्या जुन्या स्क्रीनच्या) खिडक्या मात्र बायनरी असतात. त्यांच्यातल्या बटणांच्या आणि प्रॉपर्टी-चेंजच्या स्क्रिप्टसाठी डिझायनरमधला शोध वापरावा लागतो. जुन्या प्रोजेक्टमधल्या निम्म्याहून जास्त स्क्रिप्ट तिथेच दडलेल्या असू शकतात, हा भाग टाळू नका.

यानंतर क्वचित चालणाऱ्या स्क्रिप्टची यादी. प्रत्येकीसमोर ती कशाने सुरू होते ते लिहा: शिफ्ट बदल, महिनाअखेर, आर्थिक वर्षाचा बदल, अलार्मची पाइपलाइन, वीज गेल्यावर गेटवे पुन्हा सुरू होणे, मुख्य सर्व्हर पडून दुसरा वर येणे. प्रत्येक कारण टेस्ट मशीनवर मुद्दाम घडवा. मशीनचे घड्याळ पुढे करून ३१ मार्च आणि १ एप्रिल चालवून बघा. सप्टेंबरही बघा. पीएलसीच्या टॅगऐवजी त्याच नावाचे मेमरी टॅग करून व्हॅल्यू हाताने द्या. रिपोर्टसाठी एकाच डेटाबेसची प्रत दोन्ही आवृत्त्यांना द्या, निघालेल्या सीएसव्ही फाइल शेजारी ठेवून ओळीओळीने ताडा. राउंडचा, तारखेचा आणि मराठी अक्षरांचा फरक इथेच बाहेर पडतो.

बाहेरून आणलेल्या पायथन लायब्ररी ‘यूजर-लिब’मध्ये असतात. त्यांच्या शेजारी ‘डॉलर-पीवाय.क्लास’ अशा शेपटाच्या जुन्या कंपाइल केलेल्या फाइली असतील, त्या पुसून टाका, २.७ स्वतःच्या नव्या बनवेल. ७.९ साठीची बाहेरची मॉड्यूल ८ वर चालत नाहीत, त्यांच्या ८ च्या आवृत्त्या आधीच मिळवून ठेवा. एखादे मॉड्यूल बनवणाऱ्याने ८ साठी काढलेलेच नसेल तर ते अपग्रेडच्या तारखेआधी कळायला हवे.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस

साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा, चाकण-भोसरीकडे गुरुवार. पण सुट्टीच्या सकाळीच सुरुवात करा, म्हणजे पुढच्या पहिल्या शिफ्टआधी एक पूर्ण रात्र हातात राहते. नव्या मोठ्या आवृत्तीसाठी लायसन्स आधीच अद्ययावत करून घ्या. गेटवेला इंटरनेट नसेल तर ऑफलाइन ॲक्टिव्हेशनच्या फाइली ने-आण करायला कोण, हेही ठरवा. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर बंद करून स्नॅपशॉट घ्या. नसेल तर गेटवे बॅकअप, इन्स्टॉल फोल्डरची पूर्ण प्रत आणि डेटाबेसचा बॅकअप, तिन्ही दुसऱ्या डिस्कवर. ७.९ चा तोच इन्स्टॉलर सोबत ठेवा, कारण ८ चा बॅकअप ७.९ वर परत रिस्टोर होत नाही. मागे फिरायची वेळ घड्याळात ठरवून ठेवा. संध्याकाळी सहापर्यंत ठरलेल्या वीस गोष्टी चालल्या नाहीत तर परत ७.९, मग कोणी कितीही ‘अर्ध्या तासात होईल’ म्हटले तरी.

व्हिजनच्या क्लायंट मशीनकडे दुर्लक्ष होते. जुने शॉर्टकट जावा वेब स्टार्टचे असतात आणि ८ मध्ये ते चालत नाहीत. प्रत्येक मशीनवर व्हिजन क्लायंट लाँचर बसवावा लागतो. पॅनेलवरचे जुने, कमी मेमरीचे पीसी आदल्या आठवड्यातच मोजा आणि त्यातल्या एकावर लाँचर चालवून बघा. रिडंडंट जोडी (एक पडला तर दुसरा चालणारे दोन गेटवे) असेल तर दोन्ही सर्व्हर एकाच आवृत्तीवर आणल्याशिवाय दिवस संपला असे धरू नका.

पुढचे पाच-सहा आठवडे, म्हणजे निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत, रोज सकाळी ‘रॅपर.लॉग’मध्ये ट्रेसबॅक, इम्पोर्ट-एरर, ॲट्रिब्यूट-एरर, नेम-एरर आणि टाइप-एरर हे पाच शब्द शोधा. गेटवेच्या स्टेटस भागात टायमर स्क्रिप्टना किती वेळ लागतो ते दिसते, पहिल्या दिवशीचे आकडे टिपून ठेवा. एखादी स्क्रिप्ट २०० मिलिसेकंदांवरून दोन सेकंदांवर गेली असेल तर ती अजून बंद पडलेली नाही एवढेच.

आणि पायथन ३?

पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला, ही काळजी रास्त आहे. पण इग्निशनच्या आतली भाषा जायथन आहे आणि जायथनची ३ ची वापरण्याजोगी आवृत्ती निघालेली नाही. २.७ च्या शाखेत मात्र दुरुस्त्या येत राहिल्या. इग्निशन ८.३ मध्येही २.७ च आहे. त्यामुळे ‘पायथन ३ येईपर्यंत थांबू’ या आशेवर ७.९ वर बसून राहू नका. ८.३ चा विचार असेल तरी वाट ८.१ वरूनच जाते.

नम्पाय किंवा पांडाससाठी पायथन ३ हवा असेल, तर तो गेटवेच्या आत कोंबायचा प्रयत्न करू नका. त्या लायब्ररी सी भाषेत बांधलेल्या आहेत, जायथनमध्ये त्या चालतच नाहीत. वेगळ्या मशीनवर पायथन ३ ची छोटी सर्व्हिस चालवा, गेटवेने तिला एचटीटीपीने आकडे द्यावेत, उत्तर टॅगमध्ये घ्यावे. या हाकेला दोन-तीन सेकंदांची मुदत घाला. ती सर्व्हिस बंद पडली तर टॅगमध्ये जुनेच उत्तर ताजे म्हणून राहणार नाही, एवढी व्यवस्था स्क्रिप्टमध्ये हवी: उत्तरासोबत त्याची वेळ वेगळ्या टॅगमध्ये लिहा, आणि ती ठरावीक मुदतीपेक्षा जुनी झाली की ऑपरेटरच्या स्क्रीनवर तो आकडा राखाडी दाखवा.